जहाल कोण, मवाळ कोण : कॅन्डिडाच्या भावकीतली तुलना

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारा सूक्ष्मजीवशास्त्राच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रबंधासाठी त्याने एका रुग्णालयातून कॅन्डिडा या यीस्टवर्गीय बुरशीचे ४० नमुने जमवले आहेत. त्यात अल्बिकन्स, ट्रॉपिकॅलिस, ग्लॅब्राटा, पॅराप्सिलोसिस आणि दोन ऑरिस आहेत. फॉस्फोलायपेज, प्रोटिनेज ही विकरे (एन्झाइम्स) आणि बायोफिल्म, म्हणजे पृष्ठभागाला चिकटून धरलेला बुरशीचा थर, मोजून त्याला या प्रजातींचा व्हिरुलन्सचा, म्हणजे रोग करण्याच्या ताकदीचा, क्रम लावायचा आहे. तो लिहितो, "सर म्हणतात अल्बिकन्सच सर्वांत व्हिरुलंट. पण आयसीयूतले डॉक्टर अल्बिकन्स म्हटले की निश्चिंत होतात आणि ऑरिस म्हटले की अख्खा कक्ष धुवायला काढतात. मग नेमके कोणाचे खरे?"

दोघांचेही खरे. सर उंदराबद्दल बोलताहेत आणि डॉक्टर वॉर्डाबद्दल. गेली सव्वीस वर्षे मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत बुरशीच्या प्लेटा बघते आहे आणि या दोन बोलण्यांची सरमिसळ मी प्रबंधामागून प्रबंधात पाहिली आहे. व्हिरुलन्सला पुस्तकी मराठीत 'उग्रता' म्हणतात. मी वर्गात 'जहालपणा' म्हणते. जहाल-मवाळ म्हटले की आपल्याकडे पोरे लगेच विचारतात, कोणापेक्षा जहाल आणि कोणाशी वागताना? कॅन्डिडाबद्दलही हेच दोन प्रश्न आधी विचारायचे असतात.

सरांचा उंदीर आधी घेऊ. उंदराच्या शेपटीच्या शिरेत मोजून यीस्ट-पेशी टोचायच्या, रोज वजन घ्यायचे, कोण किती दिवस जगतो ते लिहायचे आणि शेवटी मूत्रपिंडे कुटून त्यांत किती यीस्ट आहे ते प्लेटवर मोजायचे. मूत्रपिंडच का? कारण यकृत, प्लीहा इथून उंदीर अल्बिकन्सला बऱ्यापैकी हुसकावतो, मूत्रपिंडात मात्र ती वाढत राहते. २००२ साली डेन्मार्कच्या गटाने आठ प्रजाती अशा एकाच मांडणीत तपासल्या. वरच्या पायरीवर अल्बिकन्स आणि ट्रॉपिकॅलिस निघाल्या, मधल्या पायरीवर ग्लॅब्राटा, लुसिटानिए आणि केफिर, खालच्या पायरीवर क्रुसेई, पॅराप्सिलोसिस आणि गिलियरमॉन्डाय. तुमच्या सरांच्या पिढीने आणि माझ्याही पिढीने हाच क्रम पाठ केला. उंदरापुरता तो बऱ्यापैकी टिकलेला आहे.

वरच्या दोघी वर का, याचे मोठे कारण म्हणजे धागा. अल्बिकन्स गोल यीस्टच्या रूपातून लांब धाग्याच्या रूपात जाते, म्हणजे हायफी काढते. तुम्ही जर्म ट्यूब केली असेलच. अर्धा मिली सीरममध्ये कॉलनीचा टिपका मिसळायचा, ३७ अंशाला दोन-तीन तास ठेवायचे आणि एक थेंब काचपट्टीवर घेऊन चाळीसच्या भिंगाखाली बघायचा. पेशीला शेपटी फुटलेली दिसते आणि जिथे फुटली तिथे चिमटा, म्हणजे आवळल्यासारखी खाच, नसतो. तीन तासांच्या पुढे ठेवलीत तर ट्रॉपिकॅलिसही शेपटी दाखवू लागते, पण तिच्या मुळाशी चिमटा असतो. माझ्या पहिल्या वर्षात हा चिमटा बघायचा कंटाळा करून मी ट्रॉपिकॅलिसला दोनदा अल्बिकन्स लिहिले होते.

हा धागा नुसता देखावा नाही, हे दाखवणारा माझा आवडता प्रयोग २००३ साली टेक्सासमध्ये झाला. अल्बिकन्समध्ये एनआरजी१ नावाचे जनुक धागा फुटण्यावर ब्रेकसारखे काम करते. संशोधकांनी असा स्ट्रेन (एकाच प्रजातीतला वाण) बनवला की उंदराच्या पिण्याच्या पाण्यात डॉक्सिसायक्लिन घातले तर ब्रेक सुटतो आणि नाही घातले तर लागलेला राहतो. म्हणजे उंदीर तोच, यीस्ट तेच, टोचलेली मात्रा तीच, फरक फक्त पाण्याच्या बाटलीत. औषध घातलेल्या पिंजऱ्यातले उंदीर मेले, साध्या पाण्याच्या पिंजऱ्यातले जगले. आणि जगलेल्यांच्या अवयवांतही यीस्ट भरपूर होते! किती बुरशी आहे आणि किती नुकसान झाले, हे दोन वेगळे आकडे आहेत. हे वाक्य प्रबंधाच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा.

नुकसान करते कोण, याचा एक मोठा धागादोरा २०१६ साली हाती आला. धागा काढताना अल्बिकन्स ईसीई१ नावाचे प्रथिन बनवते आणि त्याचे तुकडे होऊन ३१ अमिनो आम्लांचा एक छोटा पेप्टाइड बाहेर पडतो. तो आपल्या पेशींच्या आवरणाला भोके पाडतो. त्याला कॅन्डिडालायसिन म्हणतात. माणसाला रोग करणाऱ्या बुरशीत पेशी फोडणारा असा पेप्टाइड पहिल्यांदाच सापडला होता. पुढे ट्रॉपिकॅलिस आणि डब्लिनिएन्सिस यांच्याकडेही त्याची भावंडे असल्याचे दिसले.

डब्लिनिएन्सिसचे नाव आलेच आहे तर थोडे थांबू, कारण 'जवळच्या दोन प्रजातींची तुलना' म्हणजे काय हे तिच्याइतके चांगले कुणी शिकवत नाही. १९९५ साली डब्लिनच्या मंडळींनी एचआयव्ही रुग्णांच्या तोंडातून ही वेगळी काढली. तोवर ती अल्बिकन्स म्हणूनच नोंदली जात होती, आणि त्यात नवल काही नाही. जर्म ट्यूब तिलाही येते, क्लॅमिडोस्पोर (जाड भिंतीचे गोल बीजाणू) तिलाही येतात, प्रजातीनुसार रंग दाखवणाऱ्या क्रोमअगार माध्यमावर ती हिरवीच उगवते, फार तर छटा गडद. सख्ख्या बहिणी म्हणाव्या इतक्या जवळच्या. तरी रक्तातल्या संसर्गात डब्लिनिएन्सिस अल्बिकन्सच्या मानाने फारच क्वचित भेटते आणि उंदरातही ती मवाळ निघते.

२००९ साली दोघींचे जनुकसंच शेजारी ठेवले तेव्हा काय दिसले? अल्बिकन्सकडे असलेले एएलएस३ हे जनुक डब्लिनिएन्सिसकडे नाही. त्याचे प्रथिन धाग्याच्या अंगावर असते, आपल्या पेशींना चिकटते आणि त्यांना आत घ्यायला भाग पाडते. प्रथिने तोडणाऱ्या सॅप जनुकांपैकी ५ आणि ६ क्रमांकाची तिच्याकडे नाहीत. टीएलओ नावाचे कुटुंब अल्बिकन्समध्ये चौदाच्या आसपास फुगले आहे, डब्लिनिएन्सिसमध्ये दोनच. पण माझ्या मते खरी गंमत जनुके असण्या-नसण्यात कमी आणि ब्रेकमध्ये जास्त आहे. तोच एनआरजी१. भरपूर अन्न असलेल्या माध्यमात अल्बिकन्स ब्रेक पटकन सोडते, डब्लिनिएन्सिस दाबूनच ठेवते. उपाशी ठेवलीत तर तीही धागे काढते. पांढऱ्या पेशीने गिळल्यावर अल्बिकन्स आत धागा वाढवून पेशी फाडून बाहेर पडते, डब्लिनिएन्सिस बहुधा आतच अडकते. म्हणजे हत्यार दोघींच्या घरी आहे. एकीचा हात लवकर उठतो, दुसरीचा उशिरा.

तुमच्या ४० नमुन्यांसाठी याचा अर्थ सरळ आहे. 'जर्म ट्यूब पॉझिटिव्ह' ढिगातल्या सगळ्या अल्बिकन्स आहेत असे धरू नका. एक प्लेट ४५ अंशाला ठेवा, डब्लिनिएन्सिस तिथे सहसा वाढत नाही. गंमत करायची असेल तर तंबाखूच्या पानाच्या अर्काचे माध्यम बनवा. त्यावर अल्बिकन्स पांढरी, गुळगुळीत राहते आणि डब्लिनिएन्सिस पिवळट-तपकिरी होऊन कडेला झालर काढते. आमच्याकडे पहिल्यांदा हे माध्यम शिजवले तेव्हा मजल्यावरच्या शिपाईमामांनी दार उघडून विचारले होते, "बाई, आत कोण मळतंय?"

आता ग्लॅब्राटा. ही भावकीतली आहे असे आपण नावावरून समजतो, पण आडनाव एक म्हणून सगळे पाटील एका घरातले नसतात. अल्बिकन्स, ट्रॉपिकॅलिस, पॅराप्सिलोसिस, डब्लिनिएन्सिस या सीटीजी हा जनुकीय शब्द ल्युसिन या अमिनो आम्लाऐवजी सेरीन असा वाचतात. ग्लॅब्राटा तसे वाचत नाही. तिचे जवळचे नाते पाव फुगवणाऱ्या यीस्टशी आहे. म्हणूनच आता तिला नाकासिओमायसेस ग्लॅब्राटस म्हणतात, क्रुसेईला पिचिया कुद्रियावझेवी आणि ऑरिसला २०२४ पासून कॅन्डिडोझायमा ऑरिस. (रिपोर्टवर मी अजून जुने नाव लिहिते आणि नवे त्याखाली. रात्री दोन वाजता फोन घेणाऱ्या रेसिडेंटला नाकासिओमायसेस ऐकवायचे पाप माझ्याच्याने होत नाही.)

ग्लॅब्राटा धागा काढत नाही. कॅन्डिडालायसिन नाही. निरोगी उंदराला दहा लाखांच्या पुढे, कोटीच्या घरात पेशी टोचल्या तरी तो मरत नाही. पण आठवड्यांनंतर त्याचे अवयव प्लेटवर घेतलेत तर ती तिथे असतेच. पांढरी पेशी तिला गिळते, ती आत निवांत राहते, वाढते, आणि आरडाओरडा फारसा होऊ देत नाही. उंदराच्या तक्त्यात हा मवाळपणा ठरतो. वॉर्डात काय होते ते सांगते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आतड्याचे मोठे ऑपरेशन झालेले सत्तरीतले आजोबा. ब्लड कल्चरची बाटली चौथ्या दिवशी वाजली, म्हणजे यंत्राने तिच्यात वाढ झाल्याचे सांगितले. ग्लॅब्राटा तशीच उशिरा वाजते. ग्रामचा रंग देऊन भिंगाखाली पाहिले तर छोट्या लंबगोल कळ्या, अल्बिकन्सच्या निम्म्या आकाराच्या, धाग्याचा मागमूस नाही. मी फोन केला. पलीकडून तरुण डॉक्टर म्हणाला, "अल्बिकन्स नाहीये ना मॅडम? मग ठीक आहे, फ्लुकोनाझोल चालूच आहे." मी म्हटले, "अरे, अल्बिकन्स नाही म्हणूनच ठीक नाही." ग्लॅब्राटावर फ्लुकोनाझोल हे बुरशीवरचे औषध नेहमीच्या मात्रेत पुष्कळदा पुरत नाही, इथे कॅस्पोफंगिनसारखे औषध लागते. ते सुरू व्हायला दोन दिवस गेले. रक्त पुढे साफ झाले. आजोबा तिसऱ्या आठवड्यात हृदयविकाराने गेले. वर्षअखेर तक्ता भरताना मी त्यांना 'ग्लॅब्राटाने मृत्यू' या रकान्यात घालू की नको, यावर पेन घेऊन बराच वेळ बसले होते.

हा रकान्याचा प्रश्नच रुग्णालयाच्या आकडेवारीचा गाभा आहे. भारतातल्या २७ आयसीयूंतून २०११-१२ मध्ये रक्तातल्या कॅन्डिडाच्या १४०० रुग्णांचा अभ्यास झाला. तीस दिवसांत ४४.७ टक्के रुग्ण गेले, पण कॅन्डिडाच्या माथी मारता येईल असा वाटा एकूण रुग्णांच्या १९.६ टक्के निघाला. बाकीचे मूळ आजाराने, दुसऱ्या जंतूने, वयाने. आता प्रजातींनुसार मृत्यू मोजायला गेलात तर तुम्ही यीस्ट मोजताय की ते यीस्ट ज्यांना होते ती माणसे? ग्लॅब्राटा म्हातारपणी, पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर. क्रुसेई रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांत, जिथे फ्लुकोनाझोल आधीपासून चालू असते आणि क्रुसेई त्याला जन्मजात दाद देत नाही. पॅराप्सिलोसिस नवजात बाळांत, शिरेतून पोषण चाललेल्यांत, नळीवर. नळी काढली की पुष्कळदा अर्धे काम होते, त्यामुळे तिचे मृत्यू कमी दिसतात. तिला मवाळ म्हणायला माझी हरकत नाही, पण एनआयसीयूच्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षाच्या) सिस्टरना विचारून मग म्हणा.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट तुमच्या प्रबंधाच्या प्रस्तावनेत यायलाच हवी. पाश्चात्त्य पुस्तकांत अल्बिकन्स पहिली असते, आपल्या आयसीयूंत ट्रॉपिकॅलिस पहिली होती, ४१.६ टक्के. अल्बिकन्स त्याच्या निम्म्यावर. म्हणजे उंदराच्या वरच्या पायरीवरची दुसरी बहीण आपल्याकडे संख्येनेही पुढे आहे. तिच्यावर जितका अभ्यास व्हायला हवा तितका होत नाही, आणि याचे एक कारण म्हणजे जगाच्या प्रयोगशाळा अल्बिकन्सवर पोसलेल्या आहेत. तुमच्याकडे ट्रॉपिकॅलिस जास्त असतील तर ती तुमची श्रीमंती समजा.

आणि ज्यांना कुणी जहालांच्या यादीत घेतच नाही अशांचे काय? चंदीगडला १९९६ ते १९९८ च्या दरम्यान पिचिया अनोमाला नावाच्या यीस्टने ३७९ बाळांना आणि मुलांना गाठले. हे यीस्ट फळांवर, आंबवलेल्या पदार्थांत सापडते. उंदराच्या तक्त्यात त्याला कुणी विचारले नसते. कमी वजनाची बाळे, शिरेतल्या नळ्या आणि हातांवरून हातांवर जायची सोय एवढे मिळाल्यावर त्याला वेगळ्या हत्याराची गरज पडली नाही. जुलाबावर देतात ते सॅकरोमायसेस बुलार्डीचे पाकीटही असेच. ते आयसीयूत सेंट्रल लाइनच्या, म्हणजे मोठ्या शिरेतल्या नळीच्या, शेजारी फोडू नये. त्यातले यीस्ट रक्तात उतरल्याच्या नोंदी आहेत.

आता तुमच्या दोन ऑरिसकडे. २००९ साली टोकियोत एका सत्तर वर्षांच्या बाईंच्या कानातून हिचे पहिले वर्णन झाले, म्हणून ऑरिस, लॅटिनमध्ये कान. काही वर्षांत ती दिल्लीच्या रुग्णालयांत रक्तात दिसू लागली. ती तोवर आपल्याकडे आलीच नव्हती असे मी छातीठोकपणे सांगणार नाही, कारण आमच्याच पेटीत पुरावा निघाला. आमचे स्वयंचलित यंत्र काही नमुन्यांना 'हेम्युलोनी' म्हणत असे. मी सह्या करून रिपोर्ट सोडले. पुढे मॅल्डी-टॉफ हे प्रथिनांवरून प्रजात ओळखणारे यंत्र आल्यावर शीतपेटीतल्या त्या कुप्या पुन्हा लावल्या आणि एकामागून एक ऑरिस निघाल्या. हेम्युलोनी ही तिची चुलत बहीण. तिला ३७ अंशही जड जातात. ऑरिस ४२ अंशाला आरामात वाढते. मी तेव्हा एक प्लेट ४२ला ठेवायचे कष्ट घेतले असते तर यंत्राचे खोटे त्याच आठवड्यात पकडले असते.

या दोन बहिणींत जहालपणाचा सर्वांत जुना निकष दिसतो, तो म्हणजे आपल्या अंगाची ऊब सोसणे. बुरशींच्या लाखो प्रजातींपैकी आपल्याला त्रास देणाऱ्या मूठभर का, याचे एक उत्तर आपले ३७ अंश. २०२१ साली अंदमानच्या खाऱ्या दलदलीतून आणि वाळूच्या किनाऱ्यावरून ऑरिस वेगळी काढली गेली. त्यातला एक स्ट्रेन औषधांना दाद देणारा होता आणि उष्ण तापमानात सावकाश वाढत होता. तापत्या हवेने हिला अंगाच्या उबेची सवय लावली का, असा तर्क मांडला गेला आहे. तर्कच आहे, पण मला आवडतो.

मग ऑरिस अल्बिकन्सपेक्षा जहाल का? २०१६ साली ब्रिटनमधल्या नमुन्यांवर मेणपतंगाच्या अळ्यांत तुलना झाली आणि तिचे उत्तर फार शिकवणारे आहे. ऑरिसचे काही स्ट्रेन पाण्यात नीट सुटे होतात, काही गठ्ठे करून बसतात. हे गठ्ठे कितीही हलवा, फुटत नाहीत. सुटे होणारे स्ट्रेन अळ्या मारण्यात अल्बिकन्सच्या तोडीस तोड निघाले, गठ्ठेवाले मागे पडले. प्रजात एक, निकाल दोन. उंदरांतले निष्कर्षही असेच स्ट्रेन बदलला की बदलतात. माणसाच्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींपुढे दोघी एकत्र ठेवल्या तर त्या पेशी अल्बिकन्सकडे धावतात आणि ऑरिसकडे फारसे लक्ष देत नाहीत, हेही दाखवले गेले आहे. पण आयसीयूतले डॉक्टर अळ्यांमुळे घाबरत नाहीत. ही त्वचेवर मुक्काम करते, पलंगाच्या कठड्यावर आणि बीपीच्या पट्ट्यावर दिवसेंदिवस जिवंत राहते, नेहमीच्या काही जंतुनाशकांना जुमानत नाही, आणि बहुतेक स्ट्रेनवर फ्लुकोनाझोल चालत नाही. अल्बिकन्स बहुधा रुग्णाच्या स्वतःच्या आतड्यातून येते, ऑरिस शेजारच्या खाटेवरून येते. त्यांची भीती पसरण्याची आणि औषध संपण्याची आहे, आणि ती रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये बुरशींची प्राधान्य यादी काढली. तिच्यात अल्बिकन्स आणि ऑरिस दोघी सर्वांत वरच्या गटात आहेत, ट्रॉपिकॅलिस, ग्लॅब्राटा, पॅराप्सिलोसिस त्याखाली, क्रुसेई आणखी खाली. ही जहालपणाची यादी नाही. औषधे किती उरली, निदान किती जमते, ओझे किती, अशा गोष्टींवर ती ठरली. त्याच यादीत क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स वरच्या गटात आणि धडधाकट माणसालाही धरू शकणारी तिची बहीण गॅटी सर्वांत खालच्या गटात आहे, एवढे पाहिले तरी कळेल.

आता तुमच्या मांडणीबद्दल थोडे कडक बोलते.

फॉस्फोलायपेजची अंड्याच्या बलकाची प्लेट स्वस्त आहे, सुंदर दिसते आणि दर दुसऱ्या प्रबंधात असते. कॉलनीभोवती कॅल्शियमचे पांढरे वलय धरते, कॉलनीचा व्यास भागिले वलयासकट व्यास म्हणजे पीझेड. हा आकडा १ आला तर विकर नाही, आणि आकडा जितका लहान तितके विकर जास्त. दरवर्षी कुणीतरी हे उलटे वाचतो आणि ग्लॅब्राटाला पदक देऊन मोकळा होतो. बलकाचा घट्टपणा, प्लेटची जाडी, वय यांनीही वलय बदलते, म्हणून एकाच दिवशी ओतलेल्या प्लेटांवरच तुलना करा आणि प्रत्येक फेरीला ओळखीचा प्रमाण स्ट्रेन लावा. पण विकराचे वलय म्हणजे जहालपणा नव्हे. रुग्णाच्या शिरेत बलक नसतो. तुम्ही मोजाल ते 'अमुक माध्यमावर विकराचे उत्पादन' असेल, तेवढेच लिहा. बायोफिल्मचेही तसेच. ९६ खळग्यांच्या प्लेटवर जांभळा रंग शोषून किती घेतला, एवढे ते सांगते. नळीशी संबंधित संसर्गाच्या संदर्भात त्याला वजन आहे, मूत्रपिंडाच्या संदर्भात फारसे नाही.

जिवंत यजमान हवा असेल तर उंदराच्या परवानग्यांत एम.एस्सी.चे वर्ष निघून जाईल. मेणपतंगाच्या अळ्या घ्या. महाबळेश्वराकडचे मधपाळ ज्याला मेणकिडा म्हणून शिव्या घालतात तोच हा. जुन्या पोळ्यांत तो फुकट मिळतो, पण त्या पोळ्यांवर औषध मारलेले नाही याची खात्री करा आणि पहिली पिढी कोंडा, मध, ग्लिसरीनवर स्वतः वाढवा. पाव ग्रॅमच्या पुढच्या, मलईच्या रंगाच्या, काळा ठिपका नसलेल्या अळ्या निवडा. शेवटच्या डाव्या पोटपायातून १० मायक्रोलिटर, बारीक हॅमिल्टन सिरिंजने. सुई आत जाताना पाय किंचित आत ओढला जातो. द्रव बाहेर आला तर ती अळी बाद. मग ३७ अंशाला ठेवायच्या. माशीवर्गातले कीटक ही ऊब सोसत नाहीत, ही अळी सोसते, म्हणून तर तिला मान. अल्बिकन्सची मात्रा जास्त झाली तर काही तासांतच अळी कडेने करडी आणि मग शाईसारखी काळी होताना दिसते. दर चोवीस तासांनी चिमट्याने स्पर्श करून हलते का बघा. नुसत्या सलाईनच्या गटातल्या एकाहून जास्त अळ्या मेल्या तर तो प्रयोग फेकून द्या, सारवासारव करू नका. आणि अळीला प्रतिपिंडे नसतात, मूत्रपिंड नसते, हे चर्चेच्या प्रकरणात कबूल करा.

सर्वांत मोठी चूक मात्र सिरिंजच्या आधीच होते. माझ्याच एका विद्यार्थिनीच्या कामात ग्लॅब्राटा अल्बिकन्सइतकी मारक निघाली. आम्ही दोघी दोन दिवस हवेत होतो. मग लक्षात आले की तिने दोन्ही द्रावणे गढूळपणावर सारखी केली होती, एकाच शोषणांकावर. ग्लॅब्राटाची पेशी लहान. तेवढ्याच गढूळपणात तिच्या पेशी कितीतरी जास्त बसतात. न्यूबॉवर चेंबरमध्ये, म्हणजे पेशी मोजायच्या चौकटी आखलेल्या काचेवर, मोजले तेव्हा एका अळीला जवळजवळ तिप्पट मात्रा गेलेली निघाली. म्हणून गढूळपणा फक्त अंदाजाला. चेंबरमध्ये मोजा आणि टोचून उरलेले द्रावण पातळ करून प्लेटवर लावा. दुसऱ्या दिवशी किती जिवंत पेशी गेल्या ते कळेल. तुमच्या ऑरिसपैकी एखादी गठ्ठेवाली असेल तर चेंबरमध्येही फसाल. एका गठ्ठ्यात वीस पेशी आणि प्लेटवर कॉलनी एक. आधी थेंब भिंगाखाली बघा आणि गठ्ठे दिसले तर तसे स्पष्ट लिहा.

शेवटचे, नमुन्यांच्या संख्येबद्दल. एकाच प्रजातीतल्या स्ट्रेनमधला फरक कित्येकदा दोन प्रजातींमधल्या फरकाएवढा असतो. दोन ऑरिसवरून ऑरिसबद्दल काहीही म्हणता येणार नाही, विशेषतः त्या दोन एकाच वॉर्डातल्या, एकाच महिन्यातल्या असतील तर त्या बहुधा एकच आहेत. त्या बाजूला ठेवा. ट्रॉपिकॅलिस किती आहेत ते मोजा. बारा-पंधरा असतील, वेगवेगळ्या रुग्णांच्या रक्तातल्या, तर तितक्याच अल्बिकन्स शेजारी घ्या. दोघींची मात्रा मोजून सारखी करा, तीन वेळा करा, जगण्याचे आलेख काढून लॉग-रँक या सांख्यिकी चाचणीने तुलना करा. दोनच प्रजातींचा प्रबंध म्हणून सर नाक मुरडतील. त्यांना सांगा, उरलेल्या प्रजातींच्या पेट्या शीतपेटीत आहेत, पुढच्या मुलीला देऊ. आणि शीर्षकातून 'सर्वाधिक व्हिरुलंट' काढून 'मेणपतंगाच्या अळीतील मारकता' असे लिहा. परीक्षक निम्मे प्रश्न विचारणार नाहीत.